फॉरमॅट मारण्याआधी पाच मिनिटं द्या : मागे लपलेली विंडो आणि काऊंटरवरचा धंदा



या वेळच्या व्हिडिओचा विषय पाहून काही जण नक्की म्हणतील, "सर, तुम्ही हिशोब शिकवता, भांडवल शिकवता, गिऱ्हाईक सांभाळायला शिकवता. आता हे नोटपॅडची विंडो वर येत नाही, मागे लपते, हे काय मधेच काढलं?"

काढलं, कारण तुमच्यापैकी बरेच जण ज्या धंद्यात उतरले आहेत किंवा उतरू पाहतायत, तो धंदा याच स्क्रीनवर चालतो. ऑनलाईन फॉर्म, डीटीपी, टायपिंग, झेरॉक्स, आपले सरकार सेवा केंद्र. अकोटसारख्या तालुक्याच्या गावात तहसील, कोर्ट, कॉलेज आणि बाजार समितीच्या आसपास अशी दुकानं सहज दिसतात. खरिपाच्या तोंडावर शेतकरी, निकालानंतर विद्यार्थी, कापसाच्या हंगामात व्यापारी, वर्षभर कुणी ना कुणी कागद हातात घेऊन तिथे उभा असतो. आणि काऊंटरमागचा माणूस एकाच कॉम्प्युटरवर सात-आठ विंडो उघडून बसलेला असतो. एका विंडोत पोर्टल, एकीत वर्ड, एकीत नोटपॅड, एकीत व्हॉट्सॲप, एकीत स्कॅनर, एकीत पेमेंट. त्यातली नेमकी हवी तीच सापडत नाही.

माझं मत सुरुवातीलाच सांगतो. विंडो मागे जाणं ही कॉम्प्युटरची किरकोळ खोड नाही. ती तुमच्या काऊंटरच्या शिस्तीची परीक्षा आहे. ती सोडवायला मेकॅनिक लागत नाही, नवीन मशीन लागत नाही, आणि फॉरमॅट तर अजिबात लागत नाही. पाच प्रश्न क्रमानं विचारायची सवय लागते. ही सवय ज्याला लागली त्याचं दुकान चालतं, हे मी जबाबदारीनं म्हणतो.

यात नुकसान काय, ते आधी मोजा

पहिलं नुकसान वेळेचं. समजा दिवसातून सहा वेळा विंडो शोधण्यात तुमची दोन-दोन मिनिटं गेली. रोजची १२ मिनिटं. महिन्याचे २५ दिवस धरले तर ३०० मिनिटं, म्हणजे पाच तास. हा फक्त अंदाजाचा हिशोब आहे, तुमचा आकडा तुम्ही घड्याळ लावून काढा. पण जो काही निघेल, तो गर्दीच्या वेळचा असेल. रिकाम्या दुपारी कुणाची विंडो हरवत नाही. हरवते ती शेवटच्या तारखेला, जेव्हा समोर बारा माणसं उभी असतात आणि मागून आवाज येतो, "काहून बाप्पा, कवाचा उभा हाओ मी. होते का नाई आज?"

दुसरं नुकसान रोख पैशाचं. करारनामा टाईप करताना गिऱ्हाईक दोन-तीनदा बदल सांगतं. जुना मसुदा एका विंडोत, दुरुस्त केलेला दुसरीत, दोन्ही एकावर एक. घाईत वर दिसली ती विंडो धरून प्रिंट दिली, आणि मुद्रांकावर जुना मसुदा छापून बाहेर आला. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून, जिथे पूर्वी १०० किंवा २०० रुपयांचा मुद्रांक चालायचा अशा बऱ्याच कामांना ५०० रुपयांचा लागतो. म्हणजे एका चुकीच्या विंडोचा दंड ५०० रुपये, वर गिऱ्हाइकाची नाराजी. टायपिंगचे तुम्ही घेणार किती? शंभर, दीडशे? मग त्या दिवशीच्या चार-पाच कामांची कमाई एका प्रिंटमध्ये गेली.

तिसरं नुकसान विश्वासाचं, आणि हे सगळ्यात मोठं. एका बाईंचा आधार नंबर, बँक खातं, जातीच्या दाखल्याची माहिती तुम्ही नोटपॅडमध्ये तात्पुरती लिहून ठेवली. पुढच्या माणसाचं काम करताना ती विंडो अचानक वर आली. गावात सगळे एकमेकांना ओळखतात. समोरच्यानं वाचलं तर ती गोष्ट संध्याकाळपर्यंत चौकात पोचते. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा संसदेनं २०२३ साली केला, ते तर आहेच. पण कायदा बाजूला ठेवा. गिऱ्हाइकानं विश्वासानं दिलेला कागद दुसऱ्यासमोर उघडा पडू नये, एवढं तर आपल्याला कुणी शिकवायला नको.

ढिगाचा नियम समजून घ्या

आता थोडं मूळ समजून घेऊ, म्हणजे पाठांतर करावं लागणार नाही.

टेबलावर कागदांचा ढीग असतो तसा स्क्रीनवर विंडोंचा ढीग असतो. ज्या विंडोला तुम्ही हात लावता ती वर येते, बाकीच्या एकेक पायरी खाली जातात. कॉम्प्युटर हा क्रम सतत सांभाळत असतो. ऑल्ट दाबून टॅब दाबलं की जी यादी दिसते, तो साधारण हाच क्रम असतो. आत्ताची पहिली, त्याआधीची दुसरी.

गंमत म्हणजे १९८५ साली मायक्रोसॉफ्टची पहिली विंडोज आली, तेव्हा प्रोग्रामच्या विंडो एकमेकींवर चढतच नव्हत्या. फरशा बसवाव्यात तशा शेजारी शेजारी असायच्या. एकीवर एक चढवायची सोय १९८७ च्या दुसऱ्या आवृत्तीत आली. म्हणजे ही ढिगाची भानगड सोयीसाठीच आणली आहे, पण सोय वापरायला नियम माहीत पाहिजेत.

नियम तीनच आहेत.

एक, साध्या विंडोंमध्ये शेवटी जिला हात लावला ती वर.

दोन, काही विंडोंना "कायम वर" असा शिक्का मारता येतो. इंग्रजीत त्याला ऑलवेज ऑन टॉप म्हणतात. असा शिक्का असलेली विंडो, तुम्ही दुसरीकडे काम करत असलात तरी, सगळ्या साध्या विंडोंच्या डोक्यावर बसून राहते.

तीन, मुख्य विंडोतून निघालेला छोटा डबा, म्हणजे सेव्हचा, प्रिंटचा, शोधायचा डबा, आपल्या मुख्य विंडोच्या वर राहतो. त्यातले काही डबे असे असतात की त्यांना उत्तर दिल्याशिवाय मुख्य विंडो तुम्हाला हात लावू देत नाही.

विंडो मागे-पुढे होण्याच्या जवळजवळ सगळ्या तक्रारी या तीन नियमांत बसतात. आता पाच प्रश्नांकडे येऊ. क्रम मोडू नका, कारण सोपं आणि बिनधोक्याचं आधी ठेवलंय.

प्रश्न पहिला : खरंच हँग झालंय, की डबा मागे उघडा आहे?

वर्ड किंवा नोटपॅडवर क्लिक करताय, काहीच होत नाही, फक्त "टिंग" असा आवाज येतो. नव्वद टक्के लोक इथे म्हणतात "हँग झालं" आणि मशीन बटण दाबून बंद करतात. हा आकडा माझ्या अनुभवाचा अंदाज आहे, पण तुमच्या दुकानातही बघा, असंच होतं. बटण दाबलं की सेव्ह न केलेलं काम गेलं.

थांबा. विंडोच्या वरच्या पट्टीवर "नॉट रिस्पाँडिंग" असं लिहून आलंय का? आलं असेल तर खरंच अडकलंय. थोडा वेळ द्या, मोठी फाइल किंवा प्रिंटर असेल तर ते स्वतःहून सुटतं. पण तसं काही लिहिलेलं नसेल आणि क्लिक केल्यावर टिंग वाजत असेल, तर प्रोग्राम जिवंत आहे. तो तुमच्या उत्तराची वाट पाहतोय. कुठंतरी "सेव्ह करायचं का?" विचारणारा डबा उघडा आहे आणि दुसऱ्या विंडोखाली झाकला गेलाय किंवा दुसऱ्या मॉनिटरवर आहे.

ऑल्ट-टॅबनं तो शोधा. नाही सापडला तर विंडोज की आणि होम की एकत्र दाबा. चालू विंडो सोडून बाकी सगळ्या खाली जातील. तरी नाही दिसला तर एस्केप दाबा. लक्षात ठेवा, एस्केप म्हणजे "रद्द". डबा जाईल, पण त्यानं विचारलेलं काम झालेलं नसेल. म्हणून त्यानंतर लगेच कंट्रोल-एस दाबून फाइल सेव्ह करून घ्या.

प्रश्न दुसरा : "कायम वर" शिक्का कुणाला मारलाय?

एखादी विंडो काही केल्या खाली जात नसेल, बाकी सगळं झाकत असेल, तर हा प्रश्न.

नोटपॅड प्लस प्लस बऱ्याच दुकानांत असतं. २००३ पासून मिळणारं फुकटचं एडिटर, हलकं आणि भरवशाचं. त्याच्या व्ह्यू मेनूत ऑलवेज ऑन टॉप असा पर्याय आहे. चुकून त्यावर टिक बसली की ते सगळ्यांच्या डोक्यावर बसतं. तिथेच पोस्ट-इट नावाचा प्रकार आहे, एफ-१२ दाबलं की सुरू होतो. मेनू जातो, वरची पट्टी जाते, विंडो चिठ्ठीसारखी स्क्रीनवर चिकटते. ज्याला माहीत नाही तो घाबरतो, "बंद करायची फुलीच गेली!" काही गेलं नाही. पुन्हा एफ-१२ दाबा, सगळं जागेवर येतं.

एडिटरचा दोष नसेल तर शेजाऱ्यांकडे बघा. विंडोजच्या कॅल्क्युलेटरमध्ये वर चिकटवायचं छोटं चिन्ह असतं. व्हीएलसी प्लेयरच्या व्हिडिओ मेनूत तोच पर्याय असतो. टास्क मॅनेजरमध्येही असतो. ब्राउझरमधला व्हिडिओ छोट्या चौकटीत तरंगत ठेवला असेल तर तोही वरच राहतो. आणि मायक्रोसॉफ्टचं पॉवरटॉईज कुणी टाकून दिलं असेल, तर विंडोज, कंट्रोल आणि टी या तीन की एकत्र दाबल्या की कुठलीही विंडो वर चिकटते. पुन्हा दाबल्या की सुटते.

हा शिक्का वाईट नाही बरं का. गिऱ्हाइकाची माहिती बघून फॉर्म भरताना छोटं नोटपॅड वर चिकटवून ठेवणं फार कामाचं. फक्त काम झालं की शिक्का काढायचा. आणि एका वेळी एकालाच द्यायचा. दोघांना दिला की दोघं एकमेकांशी भांडतात आणि आपण पुन्हा जिथल्या तिथे.

प्रश्न तिसरा : विंडो स्क्रीनच्या बाहेर तर गेली नाही?

टास्कबारवर चिन्ह दिसतं, क्लिक केलं तरी विंडो दिसत नाही. हे खास करून दोन स्क्रीन लावणाऱ्यांचं दुखणं. गिऱ्हाइकाला नावाचं स्पेलिंग तपासता यावं म्हणून त्याच्याकडे तोंड करून दुसरा मॉनिटर लावणं ही उत्तम गोष्ट आहे, मी स्वतः तो सल्ला देतो. पण तो मॉनिटर बंद असला, केबल ढिली झाली, तर तिकडे उघडलेली विंडो तिकडेच राहते.

टास्कबारवरच्या चिन्हावर क्लिक करा, मग विंडोज की, शिफ्ट आणि डावा किंवा उजवा बाण दाबा. विंडो या स्क्रीनवर उडी मारून येते. दुसरी स्क्रीन वापरायचीच नसेल तर विंडोज की आणि पी दाबून फक्त मुख्य स्क्रीन निवडा.

आणखी एक शक्यता. विंडोजमध्ये एकाच मशीनवर अनेक डेस्कटॉप करता येतात. घाईत बोटं चुकीच्या की वर पडून आपण दुसऱ्या डेस्कटॉपवर जातो आणि वाटतं सगळ्याच विंडो गेल्या. विंडोज की आणि टॅब दाबा, सगळे डेस्कटॉप आणि त्यांतल्या विंडो समोर दिसतात.

विंडोज १० वाल्यांना अजून एक अनुभव येतो. विंडोची वरची पट्टी माऊसनं धरून जरा हलवली की बाकी सगळ्या विंडो खाली पडतात. तो बिघाड नाही, तशी सोयच दिलेली आहे. पुन्हा तशीच हलवली की परत येतात. विंडोज ११ मध्ये ही सोय मुळातच बंद ठेवलेली असते.

प्रश्न चौथा : फाइल नवीन विंडोत उघडली की जुन्या विंडोच्या टॅबमध्ये?

हा प्रश्न विंडोज ११ वर गेलेल्यांसाठी महत्त्वाचा. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे अनेक दुकानं आता ११ वर जातायत. २०२३ पासून विंडोज ११ च्या नोटपॅडमध्ये टॅब आले. आधी प्रत्येक फाइलची वेगळी विंडो असायची, आता एकाच विंडोत दहा फाइल बसू शकतात. वर्षानुवर्षांची सवय असलेला माणूस फाइलवर डबल क्लिक करतो, वेगळी विंडो येत नाही, पुन्हा क्लिक करतो. फाइल उघडलेली असते, पण टॅबमध्ये.

नोटपॅडच्या सेटिंगमध्ये जा. ओपनिंग फाइल्स असा पर्याय आहे. तिथे नवीन टॅब की नवीन विंडो, तुम्हीच ठरवा. काऊंटरच्या कामाला मी नवीन विंडो सुचवतो. एक गिऱ्हाईक, एक विंडो.

तिथेच दुसरा पर्याय आहे, नोटपॅड सुरू झाल्यावर काय करायचं याचा. मुळात तो असा असतो की, मागच्या वेळी सेव्ह न करता बंद केलेलं सगळं पुन्हा समोर येतं. घरी ठीक आहे. दुकानात हे धोक्याचं. सकाळच्या माणसाचा आधार नंबर दुपारच्या माणसासमोर उघडणार. म्हणून दुकानाच्या मशीनवर "नवीन सुरुवात" हा पर्याय ठेवा. पण मग हेही लक्षात घ्या की सेव्ह न केलेलं परत मिळणार नाही. हवं ते सेव्ह, नको ते बंद, अशी सवय ठेवावी लागेल.

नोटपॅड प्लस प्लससुद्धा सेव्ह न केलेले टॅब सांभाळून ठेवतं आणि नवीन फाइल चालू विंडोच्याच टॅबमध्ये उघडतं. ती विंडो मागे किंवा दुसऱ्या स्क्रीनवर असेल तर वाटतं फाइल उघडलीच नाही. त्याच्या प्रेफरन्सेसमध्ये बॅकअप आणि मल्टी-इन्स्टन्स अशा दोन पानांवर हे बदलता येतं.

वर्डचं उलट आहे. तिथे प्रत्येक फाइल स्वतंत्र विंडोत. त्याच्या व्ह्यू टॅबमध्ये स्विच विंडोज नावाचं बटण आहे, सगळ्या उघड्या फाइलींची नावं एका यादीत दिसतात. मुद्रांकावर प्रिंट देण्याआधी ही यादी बघायचीच. आणि फाइलींना "डॉक्युमेंट १, डॉक्युमेंट २" ठेवू नका राजेहो! नाव, तारीख, आणि शेवटी "कच्चा" किंवा "पक्का". जुना मसुदा ज्या क्षणी जुना झाला, त्या क्षणी तो बंद. ढिगात फक्त जिवंत कागद ठेवायचे.

प्रश्न पाचवा : टायपिंग भलतीकडे तर जात नाही?

आपले टायपिस्ट स्क्रीनकडे बघत नाहीत, हातातल्या कागदाकडे बघतात. तेच बरोबर, तसंच शिकवलं जातं. पण मधेच दुसरा प्रोग्राम पुढे आला तर चार ओळी भलत्याच जागी जातात. आणि त्यात एंटर दाबलं गेलं तर न वाचताच एखाद्या डब्यातलं "ओके" दाबलं जातं.

विंडोज याला बऱ्यापैकी आळा घालतं. तुम्ही टाईप करत असताना मागचा प्रोग्राम पुढे यायला बघतो, तेव्हा त्याला पुढे येऊ न देता टास्कबारवर त्याचं चिन्ह लुकलुकतं. म्हणजे "विंडो वर का येत नाही?" याचं उत्तर कधीकधी हे असतं की ती तुमच्या भल्यासाठीच थांबवली आहे. लुकलुकणारं चिन्ह दिसलं की चालू ओळ पूर्ण करा, मग त्यावर क्लिक करा.

मराठीवाल्यांसाठी एक खास गोष्ट. विंडो बदलली की कीबोर्ड मराठीचा इंग्रजी होतो, अशी तक्रार असते. सेटिंगमध्ये टायपिंग, त्यात ॲडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज, तिथे प्रत्येक ॲपच्या विंडोसाठी वेगळी भाषा ठेवायची टिक असते. ती असेल तर वर्डमध्ये मराठी आणि पोर्टलवर इंग्रजी, असं आपोआप राहतं. काहींना हे वरदान वाटतं, काहींना डोकेदुखी. दुकानात दोघं काम करत असतील तर दोघांनी मिळून एकदाच ठरवा. विंडोज की आणि स्पेस दाबून भाषा कधीही बदलता येते.

आता माझं स्पष्ट मत

आपल्याकडे एक रोग आहे. काहीही झालं की "फॉरमॅट मारून घ्या". विंडो वर येत नाही, फॉरमॅट. प्रिंट उशिरा येते, फॉरमॅट. अकोटहून मशीन उचलायची, सुमारे ४५ किलोमीटरवर अकोल्याला न्यायची, दोन दिवस दुकान अर्धं बंद. परत आल्यावर मराठीचे फॉन्ट नाहीत, प्रिंटरचा ड्रायव्हर नाही, स्कॅनर चालत नाही, डिजिटल सहीचं टोकन ओळखत नाही. आणि चार दिवसांनी पुन्हा कुणाचा तरी हात एफ-१२ वर पडतो!

मी दुरुस्ती करणाऱ्यांच्या विरोधात नाही. हार्ड डिस्क आवाज करतेय, व्हायरस आलाय, मशीन स्वतःहून बंद पडतंय, सगळेच प्रोग्राम रोज अडकतायत, तर माणूस बोलवा आणि त्याचे पैसे आनंदानं द्या. माझं म्हणणं एवढंच की, ज्या अडचणीचं उत्तर एका बटणात आहे तिच्यासाठी दोन दिवसांचा धंदा देऊ नका.

काही जण म्हणतील, "सर, आम्ही कॉम्प्युटर शिकत बसलो तर धंदा कधी करायचा?" प्रश्न बरोबर आहे. म्हणून मी मर्यादा घालतो. पाच प्रश्न, पाच मिनिटं. तेवढ्यात सुटलं नाही तर सगळं सेव्ह करून मशीन व्यवस्थित रीस्टार्ट करा. तरी नाही सुटलं तर फोन लावा. फोनवर मात्र "चालत नाही" एवढंच सांगू नका. "नॉट रिस्पाँडिंग येत नाही, टिंग वाजतं, ऑल्ट-टॅबमध्ये डबा दिसत नाही, दुसरा मॉनिटर बंद आहे" असं सांगा. अर्धी दुरुस्ती फोनवर होते आणि समोरचा तुम्हाला गृहीत धरत नाही.

दुसरा आक्षेप, "आता सगळं मोबाईलवर आलं, हे जुनं झालं." मोबाईलवर फॉर्म भरता येणारा माणूस तुमच्याकडे येणारच नाही. तुमच्याकडे येतो तो अडलेला माणूस, ज्याला कागद बिनचूक हवाय. त्याला तुमचा वेग आणि अचूकपणा विकायचा आहे. तो या सात-आठ विंडोंच्या ढिगातूनच निघतो.

शिंप्याला मशीनचा धागा का तुटतो ते कळतं. पिठाच्या गिरणीवाल्याला पट्टा सरकला की आवाजावरून कळतं. मग रोज दहा तास स्क्रीनसमोर बसणाऱ्याला विंडो कुठे गेली ते कळू नये? धंद्याचं हत्यार ओळखणं हे धंद्याचंच काम आहे.

या आठवड्याचं काम

वाचून सोडून देऊ नका. तीन गोष्टी करा.

पहिली, हे पाच प्रश्न मोठ्या अक्षरात एका कागदावर लिहा आणि मॉनिटरशेजारी चिकटवा. दुकानात तुम्ही नसताना जो मुलगा किंवा मुलगी बसते, तिला एकेक करून दाखवा. मुद्दाम एफ-१२ दाबा, मुद्दाम विंडो दुसऱ्या स्क्रीनवर टाका, आणि म्हणा, "आता आण परत." दहा मिनिटांत भीती जाते. जिची भीती गेली, ती गिऱ्हाइकासमोर गोंधळत नाही.

दुसरी, एक छोटी वही ठेवा. तारीख, काय झालं, कशानं सुटलं. एवढंच. महिन्याभरानं उघडून बघा, तुमच्या लक्षात येईल की दोन-तीन अडचणीच पुन्हा पुन्हा येतायत. त्यांचं मूळ सेटिंग एकदाच बदला.

तिसरी, नियम करा. गिऱ्हाईक उठलं की त्याच्या सगळ्या विंडो बंद, मगच पुढचा माणूस खुर्चीत. पैसे घेण्याइतकाच हा नियम पक्का पाहिजे. हवेत त्या फाइल त्याच्या नावाच्या फोल्डरमध्ये, नको त्या बाहेर. टेबलावर आदल्या गिऱ्हाइकाचा कागद आपण पसरून ठेवत नाही, मग स्क्रीनवर का ठेवायचा?

व्हिडिओत मी हे पाचही प्रकार स्क्रीनवर करून दाखवले आहेत, या लेखाशेजारी तो लावून एकदा सोबत करून बघा. पुढच्या वेळी याच काऊंटरचा दुसरा दुखरा भाग घेऊ, उधारीची वही. तोवर ढीग कमी ठेवा, काम चालू ठेवा.

भेटू पुढच्या व्हिडिओत.